कतरीन मावशीनं तोंड मिटलं

इनास मार्तिस दर रविवारी एक नियम मोडायचा.

रोह्याच्या ख्रिस्ती देवळात सकाळची मिस्सा, रविवारची सामुदायिक प्रार्थना, संपली की फादर ऑल्विन त्याच्या गळ्यात एक कापडी पिशवी अडकवत. पिशवीत पितळी डबी, आतून सोनेरी मुलामा दिलेली. डबीत नाण्याएवढी पांढरी पातळ चकती, पीठ आणि पाण्याची. मिस्सेत फादरनी त्या चकतीवर ठरलेले शब्द म्हटलेले असत, आणि त्यानंतर ती चकती उरत नाही, ते ख्रिस्ताचं शरीर होतं, असं चर्च सांगतं. ते घेऊन इनासने मोटरसायकलवर पेणच्या खाडीकाठी जायचं आणि अंथरुणावर पडलेल्या कतरीन मावशीच्या जिभेवर ठेवायचं. वाटेत थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, काही खायचं-प्यायचं नाही. सरळ आजाऱ्याच्या दारात उतरायचं.

इनास वाटेत खांब गावाला उतरायचा.

कोलाड मागे पडलं की हायवेच्या कडेला गुणाजीची टपरी होती. तिथे बाकड्यावर बसून तो एक पूर्ण ग्लास चहा प्यायचा, शर्टाच्या आत छातीला ती डबी टेकलेली असताना. हे अनवधानाने होत नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्याने गुणाजीला डबीत काय आहे ते सांगून टाकलं होतं. ऐकून एखाद्या तरी माणसाचा चेहरा बदलतो का, हे त्याला बघायचं होतं. गुणाजीचा चेहरा बदलला नाही. त्याने फक्त फडका घेतला आणि इनास बसणार होता ते बाकडं पुसलं. तेव्हापासून दर रविवारी पुसायचा. इनासला त्याचा राग यायचा.

"आज पन हाय का खिशात?" गुणाजी विचारायचा.

"गळ्यात."

"मग दोन टाकू? त्यांचा बिनसाखरेचा?"

"टाक. बघू पितात का."

मग तो चहा पिऊन वाट बघायचा. काही व्हायचं नाही. ट्रक जायचे, धूळ ग्लासात बसायची. ग्लास खाली ठेवून तो उठायचा तेव्हा त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटायचं की आपल्याला पुन्हा एकदा कोणीतरी दारातून परत पाठवलं आहे.

इनास छप्पन्न वर्षांचा. आजा कोर्लईचा, बाप कारखान्यांच्या मागे रोह्यात आलेला, आणि तो स्वतः एका केमिकल कंपनीत बॉयलरवर. अठ्ठावीस वर्षं एकच काम. बॉयलरला एक काचेची उभी नळी असते, आत किती पाणी आहे ते दाखवणारी. नळीच्या तोंडाशी गाळ अडकला की काच खोटी पातळी दाखवते. पाणी नसतं आणि काच म्हणते, आहे. म्हणून दर शिफ्टला कॉक उघडून नळी रिकामी करायची आणि पाणी परत चढतं का ते बघायचं. जो बघत नाही त्याच्यामुळे माणसं मरतात. इनास कधी चुकला नव्हता. स्वतःच्या बाबतीतही त्याने तेच केलं होतं. सगळ्या प्रार्थना, सगळे उपास, बायकोच्या हट्टाने केलेली नऊ-नऊ दिवसांची सगळी नोव्हेना, एके दिवशी कॉक उघडून सोडून दिली आणि पाणी परत येतं का ते बघत उभा राहिला. त्याला आता वीस वर्षं होत आली होती.

तरी तो मिस्सा चुकवत नव्हता. ज्याला देव नको असतो तो रविवारी झोपतो. इनासला देव हवा होता, म्हणून तो पाचव्या बाकावर गुडघे टेकायचा आणि समोरच्यांच्या मिटलेल्या डोळ्यांचा द्वेष करायचा. सगळ्यात जास्त रेजिनाच्या. त्याची बायको गुडघे टेकले की दोन मिनिटांत कुठेतरी निघून जायची आणि परत आली की तिचा चेहरा धुतल्यासारखा असायचा.

"तिथं काय दिसतं तुला?" त्याने एकदा विचारलं होतं.

"कुठं?"

"डोळे मिटतेस तिथं."

"तांदूळ निवडायचेत मला," ती म्हणाली होती. "तुला विचारायचं तर त्यालाच विचार. माझ्या डोक्यात नको बसू."

हे सगळं सुरू झालं ते कतरीन मावशीपासून. ती तेव्हा रोह्यात त्यांच्या शेजारी राहायची आणि पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती चकती पहिल्यांदा, घेणाऱ्या मुलांना शिकवायची. आठ वर्षांची नऊ मुलं तिच्या ओटीवर रांगेत बसत. सराव तांदळाच्या पापडाच्या तुकड्यांवर. तोंड उघडा, जीभ बाहेर, आमेन म्हणा, आणि विरघळू द्या. दात लावायचा नाही. दात लावला तर रक्त येतं, कारण ते शरीर आहे. आणि घेतल्यावर पंधरा मिनिटं तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. ती हे भूत-पिशाच्चाच्या गोष्टीसारखं सांगत नसे. तवा तापला की हात भाजतो, तशा आवाजात सांगायची.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आठ वर्षांच्या इनासने देवळातल्या खांबाआड जाऊन दात लावला. पूर्ण जोराने, दाढेखाली धरून. पुठ्ठा चावल्यासारखं लागलं. रक्त आलं नाही. मिस्सा संपल्यावर मावशीने बाहेर सगळ्यांना विचारलं, "कोनी दात लावला?" आठ मुलं गप्प. इनासने हात वर केला. "मी लावला. रक्त आलं."

ते खोटं तो स्वतःसाठी बोलला नव्हता. रक्त आलं नाही असं म्हटलं तर मावशी खोटी ठरत होती, आणि नवी पांढरी साडी नेसून ती समोर उभी होती.

मावशीने त्याला दंडाला धरून देवळामागे नेलं, जबडा धरून तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, दोन्ही गालांच्या आत बघितलं. मग मुस्काटात मारली. "दात लावलास, ते देव माफ करील," ती म्हणाली. "रक्त आलं म्हनतोस, ते मी माफ करनार नाय."

नंतर मावशी आणि तिचा नवरा पेणच्या बाजूला खाडीकाठच्या गावात नवऱ्याच्या घरी राहायला गेले. नवरा मिठागरात काम करायचा. तो गेला, मिठागरंही एक एक करून पाण्याखाली गेली, मावशी मात्र तिथेच राहिली. गावात ख्रिस्ती घर ते एकच. शेजारची मालू, मिठागरातच आयुष्य काढलेली विधवा बाई, तिला भात-पाणी बघायची.

मावशीला ख्रिस्तप्रसाद घरी पोचवायला माणूस हवा, असं फादर ऑल्विननी विचारलं, तेव्हा इनासने कुमसाराच्या जाळीआडून, जिथे बाकीचे पापं सांगतात तिथून, स्पष्ट सांगितलं होतं, "फादर, मी मानत नाय."

"कधीपासून?"

"आठ वर्षांचा होतो तेव्हापासून."

"मोटरसायकल चालू आहे ना तुझी?"

"फादर, मी काय सांगतोय..."

"ऐकलं मी. पाद्री चोर निघाला तरी त्याच्या हातचा ख्रिस्तप्रसाद खराच असतो. तुझ्या मनाला विचारून तो खरा होत नाही. चर्चने याचा विचार तुझ्या आधी करून ठेवलाय."

"म्हणजे मी पोस्टमन."

"पोस्टमन तरी हो."

इनास चिडून बाहेर आला, आणि पुढच्या रविवारी पिशवी गळ्यात घालून घेतली. कारण त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं होतं, दर रविवारी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर ती डबी कातडीला लागून राहिली तर काहीतरी आत झिरपेल. ओलं फडकं कपाळावर ठेवतात तसं. झिरपलं नाही. मग तो खांबला उतरायला लागला.

फादरनी त्याला नियम शिकवले होते. आजारी माणसाच्या तोंडातून चकती बाहेर पडली तर ती टाकायची नाही. शक्य असेल तर आपण खायची. जमलं नाही तर भांडंभर पाण्यात विरघळू द्यायची आणि ते पाणी कोणाच्या पायाखाली येणार नाही अशा मातीत ओतायचं. इनासने हे बॉयलरच्या सूचनांसारखं पाठ केलं होतं.

राखेचा बुधवार झाला, ईस्टरआधीचा उपासाचा काळ लागला, आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मावशीने तोंड मिटलं.

इनासने नेहमीसारखा टेबलावर पांढरा रुमाल पसरला, मेणबत्ती लावली, छोटी प्रार्थना वाचली. मग चकती दोन बोटांत धरून म्हणाला, "ख्रिस्ताचे शरीर."

यावर तिने आमेन म्हणायचं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. ब्याऐंशी वर्षांची, हाडांवर कातडं टाकलेलं, घशात गाठ, पण डोळे तेच, जबडा धरून तोंडात बघणारे.

"परत बोल," ती म्हणाली.

"ख्रिस्ताचे शरीर."

"तोच आवाज."

"कुठला?"

"रक्त आलं म्हनतानाचा. तीन महिने ऐकतंय. वाटलं, म्हातारीचे कान गेले असतील. कान बरे हायत माझे." तिने ओठ आत ओढून घेतले. "नाय घेत."

"मावशी, माझ्यावर काय हाय? फादर म्हणतात..."

"फादरचं फादरकडं. त्यांना मी नाय शिकवलं. तुला शिकवलंय."

दारात बसून मालू कोलंबी सोलत होती. "घे ना गो," ती म्हणाली. "एवढा लांबून आलाय बाबा. पोटाला तरी लागंल."

"तू कोलंबी बघ," मावशी म्हणाली.

परत येताना इनास खांबला थांबला. गुणाजीने बाकडं पुसलं. इनासने डबी उघडली, चकती काढली, चहात बुडवली आणि खाल्ली. बिस्किटासारखी. गुणाजी बघत होता.

"ते असं खातात काय?"

"आज असं खाल्लं."

"बरं लागतं?"

"तुझा चहा पाणचट हाय आज," इनास म्हणाला. दिवसभर तो शिक्षेची वाट बघत होता. सोमवारी कंपनीत सगळे गेज बरोबर होते.

पुढचे चार रविवार तेच. मावशी तोंड मिटायची, इनास चकती परत न्यायचा. चहात पुन्हा बुडवली नाही. ते एकदाच जमण्यासारखं होतं. फादर स्वतः एका बुधवारी जाऊन आले आणि वैतागून परतले. "मला म्हणाल्या, त्यालाच धाडा. मी त्यांना समजावलं की देणाऱ्याच्या श्रद्धेचा संबंध नाही. म्हणाल्या, तुमचं पुस्तक बरोबर असेल, पण मरायचंय मला. इनास, ते शब्द चर्चचे आहेत, तुझे नाहीत. मोठ्याने, नीट म्हण. म्हातारीला एवढं दे."

"खोटं बोलू?"

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

फादरनी पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली. ते चांगले गृहस्थ होते, आणि इनासला त्या क्षणी त्यांच्या चांगुलपणाची किळस आली. कारण खोटं बोलणं सोपं होतं. आवाज सुधारता येतो. बाथरूममध्ये उभा राहून त्याने सराव केला होता, हळू, जड, डोळे खाली. जमत होतं. रेजिना बाहेरून म्हणाली, "नाटकात घेतलंय काय तुला?"

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आठ दिवस आधी, तो पोचला तेव्हा मालू दारातच उभी होती.

"दोन दिस पानीबी नाय घेतलान," ती म्हणाली. "चमचा लावला तर खोकते. आज काय ते दे तुझं, नि डोळे मिटूं दे बाईला."

खोलीत मुताचा आणि औषधाचा वास होता. मावशीने मान वळवली. "आला पोस्टमन," ती म्हणाली. फादरनी तिला तो शब्द सांगितला असणार. इनासला दोघांचाही संताप आला.

रुमाल, मेणबत्ती, प्रार्थना. चकती दोन बोटांत. सराव केलेला आवाज घशात तयार होता.

"बोल."

"नाय बोलत," इनास म्हणाला.

मालूने दारातून आत बघितलं.

"मला नाय वाटत हे कोणाचं शरीर हाय. कधीच नाय वाटलं. पन्नास वर्षं गुडघे घासतोय, तुझ्या त्या ओटीपासून. तू सांगितलंस रक्त येतं. नव्हतं आलं. मी तुझ्यासाठी खोटं बोललो, नि तू मला मारलंस. दर रविवारी खांबला हे गळ्यात घालून चहा पितो मी. तू पहिल्यांदा तोंड मिटलंस तेव्हा परत नेलेलं चहात बुडवून खाल्लं. आता मिट तोंड."

मावशीच्या छातीतून वाळू चाळल्यासारखा आवाज येत होता.

"तुझ्या तोंडात बघितलं व्हतं मी," ती म्हणाली. "देवळामागं."

"हो. बघितलंस."

"मला म्हाईत व्हतं तू खोटं बोलतोस. आवाजावरनंच कळलं व्हतं. मग बघितलं कशाला असंल?"

इनासला समजायला वेळ लागला. त्याला देवळामागची ती जागा आठवली, जबड्यावरची तिची बोटं, आणि जीभ वर करायला लावून, पुन्हा पुन्हा, गालांच्या आतून शोधणारी तिची नजर. तेव्हा त्याला ती चौकशी वाटली होती.

"तुला पाहिजे होतं," तो म्हणाला. "रक्त."

"एक थेंब बी नव्हता. तुला मारलं ते त्याच्यासाठी." तिने डोळे मिटले. "आता दे."

"मावशी, मी आत्ताच सांगितलं ना..."

"ऐकलं. दे."

"ख्रिस्ताचे शरीर," तो म्हणाला. रागाने, जवळजवळ तिच्या तोंडावर फेकल्यासारखं.

"आमेन," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

चकती तिच्या कोरड्या जिभेला चिकटली. तिने गिळायचा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या, मग खोकला आला, आणि तो थांबेना. इनासने हात पुढे केला. त्याच्या तळव्यात अर्धी चकती पडली, लिबलिबीत, थुंकीत आणि औषधाच्या गुलाबी रंगात बुडालेली, कडेला लाल रेघ. घशातून आलेलं रक्त.

मालू फडकं आणि पाण्याची वाटी घेऊन धावली. "दे इकडं. फेकून येतंय."

"नको."

"मग ह्यात टाक."

वाटी समोर होती. नियम पाठ होता. पाण्यात विरघळू द्यायची, मालूच्या दारच्या तुळशीच्या मुळाशी ते पाणी ओतायचं, हात धुवायचे, आणि कोणाचं काही चुकलेलं नसतं. ती फक्त पिठाची चकती असेल तर मालूच्या फडक्यात जायला हवी होती. ते खरंच शरीर असेल तर तोंडात. वाटी या दोन्हींच्या मधली होती, आणि इनास जन्मभर त्या वाटीतच राहिला होता. त्याने वर बघितलं. मावशीचे डोळे उघडे होते. तिला काहीच करता येत नव्हतं, ती फक्त बघत होती.

त्याने तळवा तोंडाला लावला.

खारट, कडू, लोखंडासारखी चव. त्याने दात लावला नाही, दाताची गरजच नव्हती. तीनदा गिळावं लागलं. त्याने मनात कुठलाही शब्द म्हटला नाही. त्याला त्या बाईचा इतका तिरस्कार आला होता की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"रक्त आलं?" मावशीने विचारलं.

"आलं," तो म्हणाला. "तुझं हाय."

ती त्याचा आवाज ऐकत होती. मग तिने मान भिंतीकडे वळवली.

"कोनाचं का असंना," ती म्हणाली.

इनासने मेणबत्ती विझवली, रुमाल घडी केला, रिकामी डबी गळ्यात घातली आणि तो निघाला. वडखळला गर्दी होती, नागोठण्याला ऊन चढलं होतं. खांबला पोचेपर्यंत तासाच्या वर होऊन गेला. गुणाजीने बाकडं पुसलं, चहा ठेवला.

"आज नाय ना काय गळ्यात?"

"रिकामी हाय डबी."

"मग पी की. तोंड काय असं केलंस, कोनी मारल्यावानी?"

इनासने ग्लास उचलला, ओठांपर्यंत नेला. तहानेने जीभ टाळूला चिकटली होती. तोंडात अजून ती चव होती. तेवढ्यात फोन वाजला. मालू होती.

"गेली रं बाई."

"कधी?"

"तू गेलास नि धा मिनिटांत. कवाधरनं फोन लावतंय. तू गेलास नि तिनं पानी मागितलान. मी चमचा नेला, तर म्हनते, थांब, किती वाजले. मी म्हटलं, वाजले किती ते काय करायचंय तुला, पी. तर म्हनते, पंधरा मिनिटं व्हायचीत. तोंड मिटलान ते मिटलान. तशीच गेली, कोरडी." मालूचा आवाज चढला. "दोन दिसांनी पानी मागितलं व्हतं तिनं. काय रं तुमचा देव असा?"

इनासने फोन खिशात ठेवला. चहा हातात होता. तासाच्या वर झाला होता, पंधरा मिनिटं कधीच संपली होती, कोणताही नियम उरला नव्हता. तो ग्लास त्याला ओठांना लावता येईना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मनगट वर गेलं आणि थांबलं.

"काय झालं?" गुणाजीने विचारलं.

इनासने ग्लास बाकड्यावर ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून शिवी दिली. आधी मावशीला. मग त्याला, ज्याच्यासाठी ती कोरडी मेली. पन्नास वर्षं त्याने देवाला पुष्कळ शिव्या दिल्या होत्या, सगळ्या रिकाम्या खोलीत दगड टाकल्यासारख्या, आवाज न होता पडलेल्या. ही तशी पडली नाही. ती कोणाला तरी लागली, असं त्याला वाटलं, आणि तो घाबरला, आणि त्याने दुसरी दिली.

चहावर साय धरली होती. गुणाजीने ग्लास उचलून नेला.